रूबेनाख भाऊबंदांची निजण्याची खोली: एल्ट्झ किल्ल्यातील एका दालनाचा प्रकरण अभ्यास

जर्मनीच्या पश्चिम भागात, कोब्लेन्झ आणि ट्रियर या दोन शहरांच्या दरम्यान, मोझेल नदीला मिळणारा एल्ट्झबाख नावाचा ओढा वाहतो. या ओढ्याने तीन बाजूंनी वेढलेल्या सुमारे 70 मीटर उंचीच्या खडकावर एल्ट्झ किल्ला उभा आहे. जर्मनीच्या जुन्या 500 मार्कांच्या नोटेवर मागच्या बाजूला याच किल्ल्याचे चित्र होते, त्यामुळे त्याची बाह्यरेखा अनेकांच्या परिचयाची आहे. प्रस्तुत अभ्यासाचा विषय मात्र त्या बाह्यरेखेच्या आतले एकच दालन आहे. किल्ल्याच्या रूबेनाख नावाच्या घरातील वरच्या मजल्यावरचे हे शयनगृह भिंतींवरील रंगकाम, उंच पलंग, सज्जातील देवघर आणि भिंतीतील शौचकूप यांसह आजही पाहावयास मिळते. मध्ययुगात बांधलेल्या आणि तेव्हापासून एकाच कुळाकडे राहिलेल्या किल्ल्यात अशी सजलेली खोली टिकून राहावी, हे युरोपातही दुर्मीळ आहे. ती अशा रूपात का घडली आणि का टिकली, हे दोन प्रश्न येथे एकत्र तपासले आहेत, कारण दोन्हींचे उत्तर बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी, म्हणजे किल्ल्याच्या मालकीच्या रचनेत सापडते.

मालकी: वाटणी झालेली आणि न झालेली

एल्ट्झ कुळाचा पहिला लेखी उल्लेख 1157 सालच्या एका दानपत्रात येतो. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने दिलेल्या त्या दानपत्रावर रुडोल्फ फॉन एल्ट्झ याचे नाव साक्षीदार म्हणून आहे. पुढे 1268 च्या सुमारास एलियास, विल्हेल्म आणि थिओडोरिख या तीन भावांमध्ये किल्ल्याची आणि जमिनीची वाटणी झाली आणि कुळाच्या तीन शाखा झाल्या. एकीचे चिन्ह सोनेरी सिंह, दुसरीचे रुपेरी सिंह आणि तिसरीचे रेड्याची शिंगे. पुढील काळात या शाखा अनुक्रमे केम्पेनिख, रूबेनाख आणि रोडेनडॉर्फ या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. रूबेनाख हे कोब्लेन्झजवळचे गाव होते, आज ते त्या शहराचाच भाग आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगण्यास फारसे श्रम पडू नयेत. एकाच पूर्वजाच्या वंशजांनी एका वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, पाडाव्यात, प्रत्येक तक्षीमदाराने आपली चूल वेगळी मांडावी आणि तरीही वेस, विहीर आणि देऊळ सामायिक राहावे, ही व्यवस्था आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांतून परिचित आहे. जर्मन भाषेत अशा सामायिक किल्ल्याला स्वतंत्र शब्द आहे: गानेर्बेनबुर्ग, म्हणजे सहवारसांचा किल्ला. एल्ट्झमध्ये तटबंदी, दरवाजा, आतील चौक आणि संरक्षणाची जबाबदारी सर्वांची होती. घरे मात्र ज्याची त्याची होती. भाऊबंदांनी किल्ल्याच्या हद्दीत एकमेकांवर शस्त्र उचलू नये, दुरुस्तीचा खर्च कसा वाटून घ्यावा आणि वाद कसे मिटवावेत, हे ठरवणारे करार अशा किल्ल्यांमध्ये होत असत. ‘भाऊबंदकी’ या शब्दाला आपल्या भाषेत जो कडवट अर्थ चिकटला आहे, तो टाळण्यासाठी केलेली ही लेखी तजवीज म्हणावी लागेल.

या व्यवस्थेचा बांधकामावर थेट परिणाम झाला. खडकाचा माथा लांबट आणि अरुंद असल्यामुळे जमीन वाढवणे अशक्य होते, आणि तीन शाखांच्या पिढ्या वाढत असल्यामुळे घरे मात्र वाढवावी लागत होती. तेव्हा प्रत्येक शाखेने आपले घर उंच नेले. आज चौकात उभे राहिले की सभोवार 30 ते 40 मीटर उंचीच्या आठ निवासी मनोऱ्यांची दाटी दिसते, ती हौसेखातर झालेली नसून जागेच्या टंचाईमुळे झालेली आहे. या बांधकामाला सुमारे 500 वर्षे लागली. सर्वांत जुना टिकलेला भाग म्हणजे प्लाटएल्ट्झ नावाचा रोमानेस्क, म्हणजे गॉथिकपूर्व शैलीचा, बुरूज, रूबेनाख घर 1472 साली पूर्ण झाले आणि केम्पेनिख घरे सतराव्या शतकात पुरी झाली.

खोलीच्या अभ्यासासाठी यातून निघणारा मुद्दा असा की रूबेनाख घर हे मोठ्या वाड्याचे एक दालन नव्हते, ते स्वतःपुरते पूर्ण असे एक घर होते. राजवाड्यात निजण्याची जागा, प्रार्थनेची जागा, लिहिण्याची जागा आणि बैठक वेगवेगळ्या पंखांत पसरलेल्या असतात. येथे सगळे एका अरुंद मनोऱ्यात एकावर एक रचावे लागले आणि जे एका मजल्यावर मावले नाही ते भिंतीच्या जाडीत किंवा भिंतीबाहेर काढावे लागले. वरच्या दालनातील जवळजवळ प्रत्येक वस्तूचे स्थान या अडचणीने ठरवले आहे.

खोलीत काय आहे

घरात प्रवेश केल्यावर प्रथम खालचे दालन लागते. ही कुटुंबाची बैठक होती. छताला ओकच्या जाड तुळया आहेत, भिंतींवर फ्लेमिश विणकामाचे पडदे आहेत आणि थोरला लुकास क्रानाख या जर्मन चित्रकाराने रंगवलेले द्राक्षाचा घड धरलेल्या बाळासह मेरीचे चित्र येथेच आहे. या दालनाबद्दल स्वतंत्र लेख लिहिता येईल, म्हणून येथे एवढेच पुरे. वरच्या मजल्यावर गेल्यावर आपण शयनगृहात येतो.

पहिली दृष्टी भिंतींवर जाते. गिलाव्याच्या भिंतींवर एकमेकींत गुंतलेल्या वेली, पाने आणि फुले रंगवली आहेत, आणि ती चौकटींत बांधलेली नसून खिडक्यांच्या खोबणींतूनही पसरत गेली आहेत. पंधराव्या शतकातील हस्तलिखितांच्या समासात जशी वेलबुट्टी दिसते तशीच ही घडण आहे, फक्त ती पानाच्या कडेवरून उतरून भिंत व्यापून बसली आहे. उबदार विणकामाचे पडदे महाग असत, आणि जेथे ते लावणे शक्य नसे तेथे रंगाने भिंत ‘नेसवली’ जाई. वेलींच्या या निवडीत बागेची आठवण आहे, असेही म्हणता येते. ज्या खडकावर बागेला जागा उरली नाही तेथे ती भिंतीवर आली, हा माझा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच वाचावा.

पलंग सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे, म्हणजे घर पुरे झाल्यानंतर दोन पिढ्यांनी तो आला. तो जमिनीपासून बराच उंच आहे आणि चारी बाजूंनी पडदे ओढता येतील अशी त्याची रचना आहे. दगडी घरात गारठा जमिनीलगत साचतो, त्यामुळे अंथरूण वर नेणे हा पहिला उपाय, आणि पडद्यांच्या आत निजणाऱ्यांच्याच श्वासाने व अंगाच्या उबेने हवा कोंडून ठेवणे हा दुसरा. पलंग ही खोलीतली छोटी खोली होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही. नोकरचाकर आणि मुले ये-जा करीत असलेल्या त्या दालनात खासगीपणा जो काही मिळत असे तो पडद्यांच्या आतच.

खोलीतील सर्वांत विचार करायला लावणारा भाग म्हणजे देवघर. ते खोलीच्या आत नाही, भिंतीतून बाहेर काढलेल्या बहुकोनी सज्जात आहे. बाहेरून पाहिले असता हा सज्जा रूबेनाख घराच्या भिंतीतून पुढे आलेला दिसतो. असे का केले याचे कारण धार्मिक आहे. वेदीच्या डोक्यावर माणसांनी राहू नये, देवाच्या वर कोणाचा वावर असू नये, असा दंडक होता. मनोऱ्यात प्रत्येक खोलीच्या वर दुसरी खोली असणारच. तेव्हा वेदी भिंतीबाहेर काढली आणि तिच्यावर केवळ छप्पर ठेवले. खाटेपासून वेदीपर्यंत काही पावले, आणि तरी वेदीवर फक्त आकाश. जागेच्या टंचाईने आणि धर्माच्या नियमाने एकत्र येऊन घडवलेला हा तोडगा मला या संपूर्ण किल्ल्यातला सर्वांत बुद्धिमान बांधकाम-निर्णय वाटतो. शोभेची वस्तू म्हणून त्याचे कौतुक पुष्कळ होते, परंतु त्यामागचे गणित सांगितल्याशिवाय ते कौतुक अपुरे राहते.

याउलट, शौचकूप आतल्या बाजूस आहे. जाड भिंतीत खोबण काढून त्याला दार लावले आहे. किल्ल्यात अशी सुमारे 20 शौचकुपे होती आणि त्यांपैकी काही साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुतली जात. वेगवेगळ्या शाखांची शंभरावर माणसे एका खडकावर राहत असताना ही सोय चैनीची नव्हती. शयनगृहाला लागूनच कपडे बदलण्याची व लिहिण्याची छोटी खोली आहे, तिच्याही भिंती रंगवलेल्या आहेत. म्हणजे निजणे, प्रार्थना, लेखन आणि देहधर्म या चार गोष्टी एका मजल्यावर, काही पावलांच्या अंतरात बसवल्या होत्या, आणि त्यासाठी शेजारच्या भाऊबंदांच्या उंबरठ्यावर जाण्याची गरज उरली नव्हती.

सामायिक जागा कशी दिसे, हे पाहण्यासाठी रोडेनडॉर्फ घरातील शूरवीरांच्या दालनाशी तुलना करावी. किल्ल्यातील हे सर्वांत मोठे दालन, जेथे सर्व शाखा एकत्र जमत. तेथे विदूषकांचे मुखवटे कोरले आहेत आणि दारावर गुलाबाचे फूल आहे. मुखवट्यांचा अर्थ असा की विदूषकाप्रमाणे येथे प्रत्येकाला मोकळेपणाने बोलण्याची मुभा आहे, आणि गुलाबाचा अर्थ असा की येथे बोललेले दाराबाहेर जाऊ नये. सामायिक दालनाच्या सजावटीत वागण्याचे नियम कोरावे लागले. शयनगृहात वेली आणि फुलेच पुरली. हा फरक योगायोगाचा मानता येत नाही.

रंग कोणत्या काळाचा

येथे अभ्यासातील अवघड प्रश्न येतो. भिंतींवरील रंगकाम पंधराव्या शतकातले आहे असे सांगितले जाते आणि आराखड्याच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु आज डोळ्यांना दिसणारा रंग सर्वस्वी त्या काळचा नाही. एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीत हे काम पुन्हा गिरवले गेले. तेव्हा खोलीत एकाच वेळी किमान तीन काळ नांदतात: 1472 मध्ये पुऱ्या झालेल्या भिंती आणि सज्जा, त्यानंतर काही दशकांनी आलेला पलंग, आणि गिरवणाऱ्या चित्रकाराच्या हातातला एकोणिसाव्या शतकातला कुंचला.

या गिरवण्याचे मूल्यमापन करताना आजूबाजूला त्याच काळात काय चालले होते ते पाहणे न्यायाचे ठरेल. मोझेलच्याच काठावरचा कोखेमचा किल्ला 1689 साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सैन्याने उद्ध्वस्त केला. 1868 साली बर्लिनचे व्यापारी लुई रावने यांनी ते भग्नावशेष विकत घेतले आणि तेथे निओ-गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन गॉथिकचे अनुकरण करणाऱ्या, शैलीत नवा किल्ला उभारला. ऱ्हाइनकाठच्या श्टोल्झेनफेल्सच्या अवशेषांवरही त्याआधी प्रशियाच्या राजपुत्रासाठी, पुढे राजा झालेल्या चौथ्या फ्रेडरिक विल्हेल्मसाठी, याच धर्तीचे काम झाले होते. या दोन्ही ठिकाणची दालने देखणी आहेत, पण ती मध्ययुगाविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील कल्पनेची दालने आहेत. त्या दालनांत कोणी मध्ययुगीन माणूस कधी निजला नाही.

एल्ट्झची दुरुस्ती काउंट कार्ल यांनी 1845 ते 1888 अशी चव्वेचाळीस वर्षे चालवली आणि तीवर 1,84,000 मार्क खर्च झाले. त्यांनी किल्ल्याला नवे बुरूज जोडले नाहीत वा घरांचे आकार बदलले नाहीत. जे होते ते सावरण्याकडे त्यांचा कल राहिला. त्या काळाच्या अभिरुचीचा मोह त्यांनी भिंतींच्या रंगापुरता पुरवून घेतला, असे फार तर म्हणता येईल. माझ्या मते गिरवणे ही चूक नव्हती, कारण फिकट होत गेलेला गिलावा तसाच सोडला असता तर आज आराखडाही हाती लागला नसता. मात्र गिरवलेले आहे हे पाहणाऱ्याला ठळकपणे सांगितले जाणे आवश्यक आहे. ‘पंधराव्या शतकातील भित्तिचित्रे’ या तीन शब्दांनी जी समजूत होते ती खोट्या माहितीवर आधारलेली नसली तरी अपुऱ्या माहितीवर आधारलेली असते.

खोली का टिकली

टिकण्याची कारणे सांगताना नशिबाला वाटा द्यावाच लागेल. एल्ट्झ ज्यात मोडतो त्या आयफेल या डोंगराळ प्रदेशात जे किल्ले कधीच उद्ध्वस्त झाले नाहीत ते बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि एल्ट्झबरोबर ब्यूरेसहाइम व लिसिंगेन यांचीच नावे घेतली जातात. खोली बांधली जाण्याच्या पुष्कळ आधी, 1331 ते 1336 या काळात, ट्रियरचा आर्चबिशप, म्हणजे प्रदेशावर राज्यही करणारा ख्रिस्ती धर्मगुरू, बाल्डुइन याने एल्ट्झविरुद्ध मोहीम काढली होती. त्याने किल्ल्यासमोरच्या चढावर वेढ्यासाठी ट्रुट्झएल्ट्झ नावाची गढी बांधली आणि तेथून दगडी गोळे फेकले. त्या गढीचे अवशेष आजही झाडीत उभे आहेत. एल्ट्झच्या सरदारांनी शेवटी तह केला, आर्चबिशपचे मांडलिकत्व पत्करले आणि किल्ला मात्र राखला. दुसरे मोठे संकट 1688 मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रान्सने सुरू केलेल्या पॅलेटिनेट या जर्मन प्रदेशाच्या वारसायुद्धाचे. कोखेमसह या भागातील किल्ले एकामागून एक जाळले जात असताना एल्ट्झ वाचला, कारण कुळातील हान्स अँटोन झू एल्ट्झ-उटिंगेन हे फ्रेंच सैन्यात अधिकारी होते आणि त्यांनी आपल्या घराण्याचा किल्ला पाडावयाच्या यादीतून वगळून घेतला.

हान्स अँटोन यांची ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते, परंतु तिच्यातही मालकीची रचना डोकावते. अनेक शाखा, अनेक माणसे, अनेक दरबारांतील नोकऱ्या: एल्ट्झांपैकी कोणी ना कोणी प्रत्येक पक्षात होते. याकोब फॉन एल्ट्झ 1567 ते 1581 या काळात त्याच ट्रियरचे आर्चबिशप होते, ज्या पीठाने पूर्वी वेढा घातला होता. फिलिप कार्ल फॉन एल्ट्झ 1732 ते 1743 मध्ये माइन्झचे आर्चबिशप आणि सम्राट निवडणाऱ्यांपैकी एक होते. एकट्या मालकाच्या किल्ल्याला असे जाळे मिळाले नसते. शिवाय सामायिक मिळकतीत कोणाही एका हिस्सेदाराला सर्व पाडून नव्या धर्तीचा राजवाडा बांधता येत नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील कित्येक सरदारांनी जुनी घरे मोडून बारोक महाल उभारले. एल्ट्झच्या खडकावर तसे करायचे तर इतर भाऊबंदांची संमती लागली असती, आणि ती मिळवण्यापेक्षा दुसरीकडे घर बांधणे सोपे होते. जुने शयनगृह त्यामुळे वापरातून मागे पडले असेल, पण मोडले गेले नाही.

तीन तक्षिमा एकत्र झाल्या त्या नंतर. रोडेनडॉर्फ शाखा 1786 मध्ये निर्वंश झाली. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने ऱ्हाइनचा डावा काठ व्यापल्यावर केम्पेनिख शाखेचे काउंट हुगो फिलिप हे देश सोडून गेले असे समजून त्यांची मालमत्ता जप्त झाली होती. ते माइन्झमध्येच राहिल्याचे स्पष्ट झाल्यावर 1797 मध्ये ती परत मिळाली. 1815 साली त्यांनी रूबेनाख घर रूबेनाख शाखेकडून विकत घेतले आणि संपूर्ण किल्ला वाटणीनंतर प्रथमच एका मालकाचा झाला. म्हणजे आपण ज्या खोलीला रूबेनाखांची म्हणतो ती गेली दोनशेहून अधिक वर्षे रूबेनाखांची नाही. तीस वर्षांनी याच केम्पेनिख शाखेतील कार्ल यांनी दुरुस्ती हाती घेतली. सामायिक मालकीने खोली मोडू दिली नाही, आणि एकहाती मालकीने ती दुरुस्त करणे शक्य केले. दोन्ही टप्पे त्याच क्रमाने आले हे खोलीच्या पथ्यावर पडले.

सांभाळ

किल्ला आजही त्याच कुळाकडे, तीसहून अधिक पिढ्या उलटल्यानंतर, खासगी मालकीचा आहे. 2009 ते 2012 या काळात सुमारे 44 लाख युरो खर्चाची मोठी दुरुस्ती झाली, आणि त्यासाठी सरकारी साहाय्यही मिळाले. पाहुण्याला दिसणाऱ्या भागावर या खर्चाचा ठसा फारसा नाही. छपरे आणि लाकडी सांगाडे मजबूत करणे हे त्यातले मुख्य काम होते. हा अग्रक्रम योग्यच म्हटला पाहिजे, कारण छपरातून झिरपणारे पाणी एका हिवाळ्यात भिंतीवरील वेलींचे जे नुकसान करील ते शंभर वर्षांच्या उजेडाने होणार नाही.

आतील खोल्या केवळ मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात आणि छायाचित्रण करू देत नाहीत. पर्यटक या दोन्ही नियमांवर कुरकुर करतात. शयनगृहाच्या बाबतीत त्यांचा उपयोग उघड आहे: माणसे मोजून आत येतात, एका ठिकाणी थांबत नाहीत आणि आर्द्रता, धूळ व स्पर्श यांचा मारा मर्यादेत राहतो. नियमांची दुसरी बाजू अशी की खोलीसमोर मिळणारा वेळ काही मिनिटांचा असतो, आणि त्या मिनिटांत सज्जातील वेदीचे कारण सांगावे की गिरवलेल्या रंगाची कबुली द्यावी, हे मार्गदर्शकाला निवडावे लागते. दोन्हींसाठी वेळ काढावा, पलंगाच्या पडद्यांविषयीची नेहमीची गंमत वाटल्यास वगळावी, असे मी सुचवीन.

मार्गदर्शक मग मंडळींना रूबेनाख घरातून पुढे नेतो आणि त्याच फेरीत ती रोडेनडॉर्फ घरात, शूरवीरांच्या दालनात, गुलाबाच्या फुलाखालून प्रवेश करतात. 1815 पूर्वी ही दोन वेगवेगळ्या भाऊबंदांची दारे होती.